येशू मित्र आहे तर मग तो गप्प का? आई गेल्यावर प्रार्थना बंद पडलेल्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी इंदोरचीच, मराठी ख्रिस्ती घरातली, नोकरी करणारी. आई बराच काळ आजारी होती, घरात, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे प्रार्थना चालल्या, उपास झाले, आणि आई गेली. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. लहानपणापासून 'येशू माझा मित्र' शिकली, आता संडे स्कूलला मुलांना तेच शिकवते आणि घरी येऊन रडते. झोप नाही, जेवण नीट नाही. मंडळीतल्या एका मोठ्या माणसाने सांगितलं की घरात काहीतरी लपलेलं पाप असणार म्हणून उत्तर आलं नाही. ती विचारते, माझा विश्वास संपला का, जो बोलतच नाही त्याला मित्र कसं म्हणायचं, आणि मुलांना शिकवणं सोडून देऊ का.

बेटा, तू मला मावशी म्हणून लिहिलंस तर मीही घरच्यासारखंच लिहिते. बरीच वर्षं मी मंडळीत हेच काम करते, दवाखान्यात भेटी, ज्यांच्या घरचं माणूस गेलंय तिथे जाऊन बसणं, आणि 'मला आता प्रार्थना जमत नाही' असं हळूच येऊन सांगणाऱ्या लोकांशी बोलणं. असे लोक तुला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत, पुढच्या बाकावर बसणारेही आहेत, फक्त कुणी बोलत नाही.

आधी सरळ उत्तर. तुझा विश्वास संपलेला नाही. ज्याचा संपतो त्याला काही वाटत नाही, तो रविवारी उशिरा उठतो आणि दिवस चालू होतो. तू तर आठ महिने त्याच्यावर रागावून बसली आहेस, त्याने काहीतरी बोलायला पाहिजे होतं असं म्हणतेस, म्हणजे तो आहे आणि त्याच्यावर तुझा हक्क आहे हे तू मनातून धरूनच चालली आहेस. परक्या माणसावर कोणी इतके दिवस रुसत नाही ना.

आता बाकीचं सांगते, पण आधी शरीराचं, कारण ते आपण ख्रिस्ती लोक नेहमी शेवटी ठेवतो. बायबलमधला संदेष्टा एलीया आठवतो का तुला? पहिल्या राजांच्या पुस्तकात, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं घडलं आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला, रानात एका झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. देवाने त्याला लगेच प्रवचन नाही दिलं. तो झोपला, देवदूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलेलं होतं, तो खाऊन परत झोपला, परत उठवलं, परत खायला दिलं, आणि मग होरेब डोंगरापर्यंतचा लांबचा प्रवास. तिथे पोचल्यावरच बोलणं झालं. म्हणजे झोप आणि भाकर आधी. तू लिहिलंस की पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही, जेवण जात नाही, ऑफिसात डोकं चालत नाही. हे दोन आठवड्यांच्या वर रोज चालू असेल तर ते दाखवायलाच पाहिजे, आपल्या सरकारी एम वाय हॉस्पिटलमध्ये मानसिक आजारांची ओपीडी आहे तिथे जा किंवा बाहेर कुणाला भेट, आणि रात्री फारच वाईट वाटायला लागलं, जगावंसं वाटत नाही असं मनात आलं तर १४४१६ वर फोन लाव, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, आणि घरात जो असेल त्याला उठव, संकोच करू नकोस. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी असं कुणी म्हणालं तर त्याला एलीयाची भाकर सांग. प्रार्थना जमत नाही त्यातला किती भाग आत्म्याचा आणि किती न झोपलेल्या डोक्याचा हे झोप झाल्याशिवाय कळतच नाही, हे मी खूप जणांत बघितलंय.

दुसरं, ते लपलेल्या पापाचं. याचा मला खरंच राग येतो. बायबलमध्ये संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस सात रात्री ते जमिनीवर त्याच्या शेजारी बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तिथपर्यंत ते चांगले मित्र होते. मग तोंड उघडलं आणि तेच सुरू झालं, तू काहीतरी केलं असशील, तुझ्या मुलांनी केलं असेल. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना स्पष्ट सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. आणि ईयोब काय बोलला होता? त्याने पानंच्या पानं तक्रार केली होती, देवाला कोर्टात उभं करायची भाषा केली होती. तरी देवाने त्याचं बोलणं बरोबर ठरवलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशूने दोन्ही नाही म्हणून सांगितलं. तेव्हा त्या गृहस्थांचं म्हणणं तू डोक्यातून काढून टाक. त्यांनी परत विषय काढला तर नम्रपणे म्हण की काका, याच्यावर मला बोलायचं नाहीये, आणि उठून जा. तुझ्या आईच्या आजाराला पापाचा हिशेब जोडायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही.

आता मूळ प्रश्न, मित्र.

मला वाटतं आपल्याकडे संडे स्कूलला आणि तरुण संघात येशूची मैत्री शिकवतात ती फार गोड करून शिकवतात. म्हणजे तो नेहमी जवळ वाटणार, त्याच्याशी बोललं की मनाला शांती, गाणं म्हटलं की डोळ्यात पाणी. हे असतं, मी नाही म्हणत नाही, मलाही मिळालंय. पण मग ते वाटणं थांबलं की पोरांना वाटतं मैत्रीच गेली. तर ते 'मित्र' तो कधी म्हणाला ते बघ. योहान पंधरा. वधस्तंभाच्या आधीची ती शेवटची रात्र आहे. यहूदा आधीच उठून बाहेर गेलाय. पेत्राला नुकतंच सांगून झालंय की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. अजून थोड्या वेळाने हे सगळे त्याला सोडून पळणार आहेत आणि थोड्याच वेळात तो हेही त्यांना सांगतो की तुमची पांगापांग होईल, मला एकट्याला टाकाल. आणि त्या लोकांना, त्या रात्री तो म्हणतो की आता मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो, कारण बापाकडून जे ऐकलं ते सगळं मी तुम्हाला सांगितलं. म्हणजे ही मैत्री त्याने त्यांच्या भक्तीच्या जोरावर दिलेली नाही, त्यांच्या फीलिंगच्या जोरावर तर नाहीच नाही. तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं, हेही तिथेच आहे, पुढच्याच ओळीत. तुझ्याकडची बाजू कोरडी पडली म्हणून त्याच्याकडची पडत नाही. त्याने हे नातं धरलंय ते तुझी सगळी माहिती असून धरलंय, या आठ महिन्यांचीसुद्धा.

आणि मित्राला काय करायची मुभा असते? खरं बोलायची. दासाला ती नसते, दास हो जी हो जी करतो. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बेथानी गावचं आहे, आणि तुझं दुःख तेच असल्यामुळे ते जरा सावकाश वाच, योहान अकरा.

येशूचा मित्र लाजार आजारी पडला, त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मरीयेने, येशूला निरोप पाठवला. निरोप किती लहान आहे बघ, प्रभू, ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो आजारी आहे, बस. ये असंही म्हटलं नाही, गरजच काय, मित्र आहे, कळल्यावर येणारच. आणि निरोप मिळाल्यावर तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तुमच्या प्रार्थनांचे ते महिने मला हे वाचताना आठवतात. तो पोचला तोवर लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था कळल्याबरोबर गावाबाहेर धावली आणि पहिलं वाक्य काय, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ना नमस्कार ना स्तुती. मरीया घरातच बसून राहिली, ती नंतर आली, आणि पायाशी पडून तिने काय म्हटलं तर तेच वाक्य, शब्दाला शब्द. मला यावरून नेहमी वाटतं की या दोघी ते चार दिवस घरात एकमेकींना हेच म्हणत बसल्या असतील, तो असता तर, तो आला असता तर. तू आणि तुझे बाबा म्हणत असाल तसंच.

येशूने मार्थेला उत्तर दिलं, मोठं उत्तर, पुनरुत्थान आणि जीवन मी आहे, कारण मार्था बोलणारी होती, तिला शब्द पाहिजे होते. मरीयेला काहीच उत्तर दिलं नाही. ती रडत होती, बरोबरचे लोक रडत होते, तो आतून हलला, विचारलं कुठे ठेवलंय त्याला, आणि रडला. दोघींना वाक्य एकच आणि मिळालं वेगळं वेगळं. आणि दोघींपैकी एकीलाही तो म्हणाला नाही की असं कसं बोलतेस, विश्वास कुठे गेला तुझा. उशीर का केला याचं कारण त्याने शिष्यांना थोडंफार सांगितलं, पण त्या बहिणींना तोंडावर काही समजावत बसला नाही.

तू लगेच म्हणशील की मावशी, पण लाजार उठला, माझी आई नाही उठली. बरोबर आहे. मी याला काही गोड उत्तर देणार नाही. लाजारही नंतर केव्हातरी मेलाच, आणि त्या बहिणींना किंवा त्या गावाला परत एकदा कबरेपर्यंत जावंच लागलं असणार. आपली आशा एका माणसाला चार दिवसांनी परत मिळण्यावर नाही, येशू स्वतः मरून उठला यावर आहे, आणि ती आशा तुझ्या आईला धरूनच आहे. पण आशा आहे म्हणून आज रडू नये असं कुठेही लिहिलेलं नाही, तो स्वतः, पाचच मिनिटांनी लाजाराला हाक मारणार हे माहीत असून रडला. तुझी आईच का, तेव्हाच का, याचं कारण तुला देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून जरा लांब राहा.

आणि अजून एक गोष्ट, जी आपण चर्चमध्ये पुरेशी सांगत नाही. उत्तर न आलेल्या प्रार्थनेचा अनुभव येशूला स्वतःला आहे. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत त्याने मागितलं की बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. पुन्हा जाऊन तेच मागितलं. आणि प्याला दूर झाला नाही. इब्री लोकांस पत्रात तर म्हटलंय की त्याने मोठ्याने आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केल्या. त्या रात्री तो मित्रांकडे काय मागत होता? माझ्याजवळ थांबा, जागे राहा. उपदेश करा म्हणाला नाही, मला समजवा म्हणाला नाही. आणि ते झोपले. लूक लिहितो की दुःखाने झोपले. म्हणजे मित्र जवळ असून एकटं पडणं काय असतं हेही त्याला माहीत आहे. आणि वधस्तंभावर बाविसावं स्तोत्र, माझ्या देवा माझ्या देवा तू माझा त्याग का केलास. तू पहाटे तीनला जे म्हणतेस ते त्याने तुझ्याआधी म्हटलंय, दुपारी तीनला, सगळ्यांदेखत. म्हणून मी म्हणते की तू त्या अंधारात बसतेस तेव्हा तू त्याच्यापासून लांब गेलेली नसतेस, तो जिथे होता त्याच जागी बसलेली असतेस.

आपण मराठी माणसांना देवाशी भांडणं काही नवीन नाही. नामदेव, जनाबाई, तुकोबा, यांनी विठोबाला काय काय ऐकवलंय, कठोर म्हटलंय, रुसून बसलेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांनी येशूसाठी अभंग लिहिले ते त्याच सलगीतले आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी ती भाषा टाकली नाही. मला इंदोरात एक गोष्ट नेहमी जाणवते, आपल्या मंडळ्यांत उपासना हिंदीत, तरुणांची गाणी हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि घरी स्वयंपाकघरात मराठी. मग मुलं प्रार्थनेला बसली की तोंडातून माइकवरची हिंदी निघते, हे पिता परमेश्वर हम तेरा धन्यवाद करते हैं, आणि पोटात जे आहे ते पोटातच राहतं. तू आईशी ज्या भाषेत भांडायचीस त्या भाषेत येशूशी बोल. एम वाय च्या वॉर्डात मी एका आजीजवळ बसले होते, शेवटचे दिवस होते, मी विचारलं प्रार्थना करू का, तर म्हणाल्या मीच करते, आणि डोळे पण न मिटता म्हणाल्या, येशू, किती वेळ रे लावतोस, कंटाळले बघ मी, ये आणि बस इथे जरा. आणि पलंगाची कड हाताने साफ केली, चादरीची सुरकुती काढली, जसं कुणी बसायला येणार म्हणून करतो तसं. आमेन वगैरे काही नाही. इतकी वर्षं लोकांना प्रार्थना शिकवते, त्याच्यापुढे मला काही जास्त सांगता येणार नाही.

तू म्हणशील ठीक आहे, भांडले, पण समोरून काहीच येत नाही त्याचं काय. तर हा कोरडेपणा. हा फक्त कच्च्या विश्वासाच्या लोकांना येतो असं तुझ्या मनात असेल तर काढून टाक. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये अविलाची तेरेसा होऊन गेली, प्रार्थना म्हणजे जो आपल्यावर प्रेम करतो हे माहीत आहे त्याच्याशी वारंवार एकांतात केलेलं मैत्रीचं बोलणं, असं तिनेच सांगितलं, आणि तिनेच लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडे असायचं. तरी ती बसत राहिली. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली तेव्हा लोक हादरले, सेवेचं काम सुरू झाल्यापासून जवळजवळ आयुष्यभर त्यांना आतून देव जाणवत नव्हता, आणि बाहेर जगाला त्यांच्या तोंडावर तो दिसत होता. आणि आपल्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं की ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिलंय. एवढी विद्वान बाई, आठ वर्षं. आणि शेवटी १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तिच्यामागे वर्षभराच्या आत रमाबाई गेल्या, पण तेवढ्यात मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबलचं काम त्यांनी पुरं केलं. या बाईला देव नेहमी जवळ वाटला असेल असं मला नाही वाटत. पण त्या त्याला सोडून गेल्या नाहीत.

घाईचं पण सांगते, कारण तू लिहिलंस की लोक म्हणतात आता सावर, शांती घे. आपल्याच भागातली गोष्ट आहे. सिस्टर राणी मारिया, उदयनगरकडे गरीब आदिवासींत काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदोरला येताना बसमध्येच त्यांचा खून झाला. २०१७ मध्ये इंदोरात त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जात होती, त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, खुनी माणसाला तुरुंगात जाऊन राखी बांधली, भाऊ मानलं. खरी गोष्ट आहे आणि मोठी आहे. पण सांगताना लोक मधली वर्षं गाळतात, जसं काही खून सोमवारी झाला आणि राखी मंगळवारी बांधली. त्या मधल्या काळात त्या घरी, त्या बहिणीच्या खोलीत काय काय रडणं झालं असेल ते कोण सांगणार. तुझे आठ महिने म्हणजे काहीच नाहीत गं. तुला कुणी तारीख दिलेली नाही.

आता करायचं काय. मी तुला मोठा कार्यक्रम देणार नाही, या स्थितीत मोठी गोष्ट धरली की दोन दिवसांत सुटते आणि वरून अपराधी वाटतं. रोज दहा मिनिटं, झोपायच्या आधी नको, तेव्हा तू थकलेली असतेस, सकाळी चहाच्या वेळी. तेरावं स्तोत्र मोठ्याने वाच, सहा ओळींचं आहे, किती वेळ प्रभू, किती वेळ, असं सुरू होतं. मोठ्याने महत्त्वाचं, मनात वाचू नकोस. ज्या दिवशी शेवटच्या ओळीतली स्तुती तोंडातून निघत नाही त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी वाच, ते स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी उजेड वगैरे काही येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणीतरी ते ठेवलं. मग जे काही आहे ते त्याला सांग, एक वाक्य का असेना, मला तुझा राग आलाय, मला आईचा आवाज ऐकायचाय. मग उरलेला वेळ नुसती बस. काही वाटलं नाही तर वाटलं नाही. दहा मिनिटं झाली की ऊठ आणि तयारीला लाग, अजून थोडं बसले असते तर काही झालं असतं का असा विचार करत बसू नकोस. आणि वर्शिपची ती गाणी ज्यांत सारखं मला तू जवळ वाटतोस जवळ वाटतोस असतं ती सध्या बाजूला ठेवलीस तरी चालेल, रविवारी सगळे म्हणत असतील तेव्हा गप्प उभी राहा, बाकीची मंडळी म्हणतेय ना, ती तुझ्या वाटचंही म्हणतेय, मंडळी कशाला असते मग.

प्रभुभोजन, म्हणजे मंडळीत येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतो ते, मात्र सोडू नकोस. तू लिहिलंस की लायक वाटत नाही म्हणून दोनदा मागच्या मागे निघून गेलीस. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे आठव, लूक चोवीस. येशू मेला म्हणून निराश होऊन यरुशलेम सोडून निघालेत, आणि तो स्वतः येऊन बरोबर चालायला लागतो, त्यांना ओळखू येत नाही. तो विचारतो काय बोलताय, आणि ते त्यालाच त्याच्याविषयीची निराशा सांगतात, आम्हाला आशा होती की तोच इस्राएलाची सुटका करणारा आहे. आशा होती म्हणतात, आता नाही. अख्खी वाट ते ज्याच्यावर नाराज आहेत त्याच्याशीच बोलत चाललेत आणि त्यांना पत्ता नाही. ओळख कधी पटली, तर घरी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली तेव्हा. आणि ओळख पटल्याबरोबर तो दिसेनासा झाला, हेही आहे तिथे. म्हणून म्हणते, जिथे भाकर मोडतात तिथे ये, काही वाटत असो नसो. हात पुढे करायला जेवढी ताकद लागते तेवढीच लायकी तिथे पुरते.

एका माणसाला हे सगळं सांग, मला लिहिलंस ते बरं केलंस पण मी रोज तुझ्यासमोर नाही. इग्नेशियस लोयोला, जो आधी शिपाई होता, त्याने या कोरड्या काळासाठी काही नियम लिहून ठेवलेत, त्यातला एक हाच की मनात चाललेली ही लढाई लपवून ठेवली की वाढते, समजूतदार माणसासमोर उघड केली की तिचा जोर कमी होतो. समजूतदार म्हणजे जो ऐकेल आणि लगेच वचन फेकणार नाही. तुमच्या महिला मंडळात अशी एखादी बाई नक्की असेल जिने स्वतःचं कुणीतरी पुरलंय, तिला गाठ, चहाला बोलव. आणि बाबांना पण. तू लिहिलंस की ते आईचं नाव काढत नाहीत. ते तुझ्यासाठी काढत नाहीत आणि तू त्यांच्यासाठी काढत नाहीस, असं मी खूप घरांत बघते. एखाद्या संध्याकाळी तूच काढ, काहीही, आई पोह्यात साखर जास्त घालायची असं काहीही. हे प्रार्थनेच्या बाहेरचं काम आहे असं समजू नकोस, तो म्हणालाच होता की मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र, आणि त्याने सांगितलेलं काय, एकमेकांवर प्रेम करा. तुला तो जाणवत नसेल तेव्हाही बाबांना गरम जेवण वाढणं ही त्याच्याशी ठेवलेली मैत्रीच आहे.

राहिलं संडे स्कूल. इग्नेशियसचाच दुसरा नियम, अंधारात असताना उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. म्हणून आत्ता राजीनामा देऊ नकोस. पण ओझं कमी करून घे, जे कुणी प्रमुख आहेत त्यांना सांग की ईस्टरपर्यंत मला एक रविवार आड द्या, किंवा मोठा वर्ग नको, लहान मुलं द्या, ज्यांना चित्रं रंगवायची असतात. मंडळीत कुणी नाही म्हणणार नाही. आणि मुलांसमोर तू खोटं वागतेस असं मला वाटत नाही, पण तुला वाटतंय ना, तर जे तुला आज खरं म्हणता येतं तेवढंच शिकव. मार्थाची गोष्ट सांग, ती येशूवर रागावली आणि येशूने तिला हाकललं नाही. तुझी आई त्या मुलांना माहीत होती, त्यातलं कुणीतरी विचारेल, टीचर तुम्ही पण रागावलात का. हो म्हण. मग ते विचारतील की येशूला सांगितलं का, आणि तोवर तू सकाळच्या चहाच्या वेळी सांगायला सुरुवात केलेली असशील तर त्यालाही हो म्हणता येईल.